रंजनामायच्या तुलेतले अठरा किलो

१

फुलवंताबाईंनी आठव्या थैलीची शिवण ब्लेडनं उसवली, थैली सतरंजीवर पालथी केली आणि आमच्या राममंदिराच्या सभामंडपात एकदम सगळ्यांच्या माना पुढे झाल्या.

पहिल्या सात थैल्यांतून पाच रुपयांची पिवळीधमक नाणी निघाली होती. आठवीतून निघाली दहाची. पांढरं पोट, पिवळी कड. आमच्या बाजारात ह्या नाण्याला चहावाला हात लावत नाही, कंडक्टर ते तोंड वाकडं करून परत देतो आणि भाजीवाली तर सरळ म्हणते, "हाई चालत नही, दुसरं द्या."

"खोटा शिक्का!" मागून कोणीतरी ओरडलं. नववी थैली उसवली, त्यातही तेच. दहावीतही तेच.

आता आधीचं सांगायला हवं. आदल्या संध्याकाळी ह्याच मंदिरासमोर, लिंबाच्या फांदीला कापसाचा जुना मोठा तराजू टांगून, रंजनामायची नाणेतुला झाली होती. रंजनामाय म्हणजे हेमराजची आई. हेमराजची तापीकाठी चाळीस एकर केळी. आईला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून त्यानं बँकेतून पन्नास हजारांची पाचची नाणी आणली, दहा लाल थैल्यांत भरली, एका पारड्यात आई आणि दुसऱ्यात थैल्या. दहावी थैली ठेवली आणि म्हातारी अलगद वर आली. गावानं टाळ्या वाजवल्या. पैसे जाणार होते धडगावकडच्या डोंगरात फुलवंताबाई मुलींचं वसतिगृह चालवतात, त्याच्या पाण्याच्या टाकीला. रात्रभर थैल्या मंदिराच्या कोठीत कुलपात होत्या. दाराबाहेर झोपला होता मंदिराचा राखणदार सुपडू, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून.

हेमराज त्याच्याकडेच वळला.

"सुपडू, किल्ली तुन्हाकडे व्हती. सांग, मन्हा पाचना शिक्का कोठे गयात?"

"दादा, मी कुलूपले हात लावा नही."

"मंग शिक्कासले पाय फुटनात का?"

सुपडू खाली बघत राहिला. साठीचा, काटकुळा माणूस. बायको गेली, मूलबाळ नाही, मंदिरामागची एक खोली एवढंच त्याचं जग.

"संध्याकायनी आरती व्हवाना आत खरं सांग," हेमराज म्हणाला. "नहीते खोली खाली कर. देवना दारमा चोर नको."

मग त्याला काय सुचलं कोण जाणे, केळीच्या गाडीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा मागवून त्यानं सगळी नाणी थैल्यांसकट त्यावर चढवली. साठ किलो तीनशे ग्रॅम. आदल्या रात्री कोठीत ठेवतानाही त्याच काट्यानं साठ किलो तीनशेच दाखवले होते.

"देखा! चोर भलता हुशार शे. ग्रॅमले ग्रॅम जुळाडी गया."

माझ्या शेजारून आवाज आला, "हुशार नही, हेमराजभाऊ. हाऊ चोर माले येडा दिखस."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी मात्र वळलो नाही. तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. ती माझी बायको होती.

२

माझी बायको शोभाबाई शहाद्याच्या एका बँकेत अठ्ठावीस वर्षं कॅश काउंटरला होती. मी नवनीत, निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्तीनंतर माझं काम एकच उरलं आहे, तिच्या मागे पिशवी घेऊन फिरणं. गावात कोणाचं काही हरवलं की लोक आधी देवाला नारळ बोलतात आणि मग आमच्या घरी येतात. शोभा गावात सगळ्यांशी अहिराणी बोलते, पण हिशोब मांडायला बसली की तिची भाषा आपोआप बँकेतली होते. तशी ती झाली की मी समजतो, आता चहा मिळणार नाही.

मंडपाच्या पायरीवर ती मूठभर नाणी घेऊन बसली. शेजारी फुलवंताबाई, चेहरा उतरलेला.

"बाई, आमच्याकडे मिठाचा व्यापारीसुद्धा ही घेत नाही," फुलवंताबाई म्हणाल्या. "टाकीचा ठेकेदार कुठून घेणार?"

"ठेकेदाराला नोटा द्या. ही बँकेत भरा. बँकेला घ्यावीच लागतात."

"पण खोटी आहेत ना?"

"कोणी सांगितलं? दहाचं नाणं सरकारनं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या छापाचं काढलं. लोकांनी दोन छाप शेजारी ठेवले आणि ठरवलं, ह्यातलं एक खोटं. मग ठरवलं, दोन्ही खोटी. बाजारात ती चालत नाहीत, कारण बाजार म्हणतो चालत नाहीत. दुसरं कारण नाही." तिनं एक नाणं बोटांवर तोललं. "आता ऐका. पाचचं हे नाणं सहा ग्रॅमचं. दहाचं पावणेआठला जरा कमी. एक किलो पाचची म्हणजे साधारण आठशे तीस रुपये. एक किलो दहाची म्हणजे जवळजवळ तेराशे. तीन थैल्या बदलल्या, म्हणजे अठरा किलो. गेले किती? तीन हजार नाणी, पंधरा हजार रुपये. आले किती?"

मी बोटांवर मोजायला लागलो. तिनं वाट पाहिली नाही.

"अठरा किलोला दोन हजार तीनशे चौतीस नाणी. तेवीस हजार तीनशे चाळीस रुपये."

"म्हंजे चोर पदरना आठ हजार घाली गया?" मी विचारलं.

"म्हणून तर म्हटलं, येडा. ज्याला चोरायचं असतं तो लोखंडी वॉशर भरतो. हा सगळ्यात महागडं नाणं भरून गेला."

फुलवंताबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे टाकी होणार?"

"टाकी होईल, वर नळही बसेल."

माझ्या मते प्रश्न मिटला होता. मी जाऊन हेमराजला सांगितलं. तो ऐकून घेईल तर शपथ! "आप्पा, जास्ती टाको की कमी टाको, कुलूपना आत हात तर घाला ना? मन्ही मायनी तुला बाटाडी दिधी. सुपडूले मी सोडाव नही." आणि तो निघून गेला. वर बजावून गेला, की माय प्रकाशाला, तापीकाठच्या तीर्थाला, गेली आहे, तिला फोन करू नका, तिचं बीपी वाढेल. तुला झाली की दुसऱ्या दिवशी तापीत स्नान करायचं ही त्यांच्या घरातली पद्धत. म्हातारी पहाटेच्या गाडीनं गेली होती, संध्याकाळी येणार होती.

म्हणजे आता प्रश्न टाकीचा नव्हता. प्रश्न सुपडूच्या खोलीचा होता.

परत आलो तर शोभा नाणी नाकाशी धरून बसली होती. नोटा आणि नाणी हुंगायची तिची सवय जुनीच आहे, मी आता लाजणं सोडून दिलं आहे.

"हुंगा," तिनं नाणं माझ्या नाकाखाली धरलं.

लसणाचा वास. हळूच, पण नक्की लसणाचाच. नाण्याच्या अक्षरांच्या खाचेत पांढरं पीठ बसलं होतं, आणि एका नाण्याला चक्क तीळ चिकटला होता.

३

सुपडू खोलीत ट्रंक बांधत होता. दोन धोतरं, एक तांब्या, बायकोचा फोटो. आरती अजून लांब होती, आणि हा आधीच आवरायला लागला होता. माझ्या मनात आलं, खाई त्याला खवखवे.

"सुपडूभाऊ, रातले कोनी उनं व्हतं?" शोभानं विचारलं.

"कोनी नही, वहिनी."

"कुलूप?"

"जसंनं तसं."

"मंग शिक्का कसा बदलनात?"

त्यानं दोरीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "वहिनी, माले इचारू नका. खोली सोडसू मी. पन मन्हा तोंडथून काही निंघाव नही."

म्हणजे ह्याला काहीतरी माहीत होतं! मी पुढे सरसावणार, तेवढ्यात शोभानं माझा सदरा मागून ओढला. ती सुपडूच्या सायकलीकडे बघत होती. कॅरिअरला रबरानं बांधलेला मोठा पत्र्याचा डबा होता. तिनं झाकण उघडलं, आत नाक घातलं, झाकण लावलं आणि चालू लागली.

"काय व्हतं डबामा?" मी विचारलं.

"काहीच नही. रिकामा."

"मंग?"

"मंग चाला धर्मेंद्रना दुकानवर."

धर्मेंद्रचं किराणा दुकान आहे आणि त्याच्याबद्दल गावात एकच तक्रार आहे. दहाचं नाणं तोही घेत नाही. पण फारच गयावया केली तर आठ रुपयांना घेतो. अशी नाणी साठवून त्यानं गोणी भरली आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्याच्याकडे काटा आहे, गोणी आहे, आणि मंदिर पंधरा पावलांवर. सकाळपासून लोक सुपडूनंतर ह्याचंच नाव घेत होते.

"वहिनी, रामनी आन!" आम्हाला बघताच त्यानं हात जोडले. "मन्ही गोणी जठे व्हती तठेच शे."

"कितला शिक्का शेतस तिन्हामा?"

"ते मी सांगाव नही. धंदानी गोष्ट शे."

"नका सांगू. काटावर ठेवा."

गोणी काट्यावर चढली. एकतीस किलो चाळीस ग्रॅम. रिकामी गोणी किती, तर दोनशे ग्रॅम. शोभानं छताकडे बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "चार हजार. म्हणजे चाळीस हजार रुपये."

धर्मेंद्रचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, मागला बाजारले मोजेल व्हता. चार हजारच! तुमले कोनी सांगं?"

"तुन्हा काटानी. एक पण कमी नही, म्हंजे तुन्ही गोणीमाईन मंदिरमा एक शिक्का गया नही." तिनं गोणीत हात घातला आणि बोटं चिकट झाली म्हणून तोंड वाकडं केलं. गुळाची गोणी होती ती. लसूण नाही, पीठ नाही. "आनि बत्तीस हजारमा चाळीस हजार घेवाले लाज वाटत नही का रे?"

"वहिनी, लोकेच देतस..."

"लोके देतस कारन तू भिवाडस!"

चोर नाही हे सिद्ध झाल्याचा आनंद आणि शिव्या खाल्ल्याचं दुःख, दोन्ही एकदम झाल्यावर माणूस जसा दिसतो तसा धर्मेंद्र दिसत होता. आम्हाला घालवून द्यायच्या घाईत तो बोलून गेला, "मन्हाकडे काय येतस? सुपडूले इचारा ना! मागे तोच डबाभर दहाना शिक्का लई उन्हा व्हता."

शोभा थांबली. "सुपडू?"

"हा. मी म्हनं आठ देसू. तो म्हने, ज्यासना शेतस त्यासले इचारीसन सांगस. मंग परत उन्हाच नही."

"कोना व्हतात?"

"ते काही त्यानी सांगं नही."

४

रस्त्यात मी म्हणालो, "झालं. सुपडूच."

"अहो, आठ रुपये समोर असताना विचारून येतो म्हणून नाणी परत नेणारा माणूस दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. स्वतःची असती तर त्यानं तिथल्या तिथे घासाघीस केली असती." ती बँकेतली भाषा बोलत होती, म्हणून मी वाद घातला नाही.

हेमराजच्या घरी आम्ही भर दुपारी गेलो. घर दुमजली, समोर ट्रॅक्टर, ओट्यावर झोपाळा. हेमराजनं आदरानं बसवलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

"थैल्या कोनी भऱ्यात?" शोभानं विचारलं.

"मी सोता. बँकना पुडा फोडीसन. एक थैलीमा एक हजार, मोजीसन."

"शिवल्या कोनी?"

"मायनी. हिरवा दोरानी. तिले दुसराना टाका पसंतच नही."

"भरल्या आनि शिवल्या, मझार कितला येळ गया?"

"रातभर देवघरमा व्हत्यात, मायनी खाटजोडे. पूजा करीसन सकायले तिनी शिवल्यात." हेमराज वैतागला. "पन घरमा कोन चोर शे वहिनी? चोरी मंदिरमा व्हयनी."

शोभानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, जरा गच्ची दाखवा, तापी दिसते का बघू. तापी आमच्या घरावरूनही दिसते. मी गप्प मागे चढलो.

गच्चीवर तीन खाटांवर बिबडे वाळत होते. ज्वारीच्या पिठाचे, लसूण-मिरची-तीळ घातलेले, आमच्या खान्देशातले ते पापड. उन्हात एकेक चंद्रासारखा गोल. शोभानं एक उचलला, अर्धा कच्चाच खाल्ला, अर्धा मला दिला. लसूण!

"भलता बिबडा शेतस. घरमा मानसे कितला?"

"चारच. आमी वरीसले दहा बी खातस नही. मायले छंद शे. दुपारभर तेच करी ऱ्हास."

"मंग बाकीना कोठे जातस?"

हेमराजला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "वाटी देत व्हई. तिले कसानी कमी शे? मन्ही मायले कव्हय कोनापुढे हात पसरना पडना नही, वहिनी. गावमा इचारा."

शोभानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला त्याची दया आली. बँकेत असताना, चेकवर सही चुकीच्या जागी करणाऱ्या शहाण्या माणसाकडे ती असंच बघायची.

जिना उतरताना तिनं माझ्या कानात सांगितलं, "चोर सापडी गया."

"कोन?"

"पाचनी बसवर येई."

५

आरतीच्या आधी सगळं गाव मंडपात जमलं. सुपडू आपली ट्रंक पायरीवर ठेवून उभा होता. हेमराज खांबाला टेकून होता, आणि फुलवंताबाई मुद्दाम शेवटची गाडी सोडून थांबल्या होत्या. शोभानं नाण्यांचा ढीग आणि काटा मध्ये घेतला.

"हेमराजभाऊ, चोरानं अंधारात नाणी बदलली, बरोबर? मग ह्या ढिगातून तुम्हीही बदला. पाचची हवी तेवढी काढा, तेवढ्याच वजनाची दहाची टाका. काट्याकडे बघायचं नाही. मग आपण बघू."

हेमराजनं दोन ओंजळी काढल्या, दोन टाकल्या. काटा शंभर ग्रॅमनं चुकला. पुन्हा केलं, साठनं चुकला. धर्मेंद्र म्हणाला मी करतो, वीस वर्षं साखर विकतो आहे. तो दीडशेनं चुकला आणि सगळे हसले.

"हातानं ग्रॅमला ग्रॅम जुळत नाही. काट्यानं जुळवता येईल, पण चोर कशाला जुळवेल? सकाळी नाणी मोजायची होती, वजन करायचं नव्हतं. वजन करायचं तुमच्या मनात आलं, ते ऐन वेळी." शोभानं सगळ्यांकडे पाहिलं. "वजन जुळलं, कारण ते कोणी जुळवलंच नाही. कोठीत रात्री कोणी आलंच नाही. काल पारड्यात जी नाणी होती तीच सकाळी निघाली. दहाची नाणी तुलेच्या आधीपासून थैल्यांत होती. थैलीत काहीही भरा, पारडं म्हातारीएवढंच तोलणार!"

मंडपात कुजबुज झाली. हेमराज खांबापासून सरळ उभा राहिला.

"आणखी एक. फुलवंताबाईंनी उसवली ती शिवण हिरव्या दोऱ्याची होती, पहिलीच. रात्री कोणी उसवून पुन्हा शिवली असती तर तसा टाका जमला नसता, तो टाका गावात एकीलाच येतो. नाण्यांना लसणाचा वास आहे, खाचांत ज्वारीचं पीठ आहे. म्हणजे ज्या हातांनी ही नाणी जमवली, ते हात..."

"बस कर वं, शोभा," मागून आवाज आला. "मन्हं नाव ले, मी काय भिऊ ऱ्हायनू का?"

रंजनामाय दारात उभी होती. एका हातात ओल्या लुगड्याची पिशवी, दुसऱ्यात प्रसादाचा पुडा. बसमधून उतरून ती थेट आली होती. गावानं तिला वाट दिली. चालता चालता तिची नजर ट्रंकेवर गेली, मग सुपडूवर, आणि तिला सगळं समजलं.

"सुपडू! तू बोलना का नही?"

"तुमी आन घालेल व्हती, माय."

"आरे, आन बिबडा झाकाले व्हती! तुन्हं घर मोडाले नही!" म्हातारी सुपडूवर इतकी चिडली, की पहिल्यांदा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग ती लेकाकडे वळली. "हा, मीच बदलाडात. कितलाक वरीस मी बिबडा करस, हाऊ सायकलवर प्रकाशाले लई जास, घाटवर इकस. जत्राना लोके दहाना शिक्का तठेच झटकी जातस. पेटी भरनी. खर्चू कोठे? कोनी घे नही."

"माय, तू... बिबडा इकस?" हेमराज दोन पावलं पुढे आला. "मन्ही माय?"

"हाऊच तोंड देखना नको व्हतं, म्हनीसन सांगं नही!" ती म्हणाली. "तुला मन्ही, वजन मन्हं, आनि पयसा बठ्ठा तुन्हा. मंग मन्हं काय ऱ्हायनं रे? पोरीसनी टाकीमा माले मन्हा कष्टना पानी टाकना व्हतं. दहाई थैल्या भराइतला नव्हतात, तीनच भऱ्यात. तुन्हा पाचना मन्ही पेटीमा शेतस, गोधडीखाले. एक बी खर्चा नही."

फुलवंताबाई पुढे आल्या आणि त्यांनी वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.

६

नाणी मोजली तेव्हा दहाची निघाली दोन हजार तीनशे छत्तीस. शोभाचा अंदाज दोननं चुकला होता. "झिजलेली असणार," ती म्हणाली, पण त्या दोन नाण्यांनी तिला रात्रभर झोप लागली नाही. मला मात्र छान लागली.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी हेमराज सुपडूपुढे जाऊन उभा राहिला. मोठा माणूस, पण मान खाली. "सुपडू, मन्ही चूक व्हयनी. माफ कर."

सुपडूनं घाईघाईनं हात जोडले. "जाऊ द्या दादा, तुमी काय..."

"काय जाऊ द्या?" रंजनामाय कडाडली. "बठ्ठा गावमा चोर म्हनं, आनि माफी दोन शब्दनी? हेमराज, तराजू आजून टांगेलच शे ना? येवाना रविवारले सुपडूले बसाड पारडामा. मन्ही तुला करी, आते त्यानी कर."

सुपडू हबकला. "माय, मी काय देवमानूस शे?"

"तू चूप. तुले बोलानं व्हतं तवय बोलना नही!"

हेमराज कबूल झाला. कबूल होण्यावाचून इलाज नव्हता, सगळं गाव बघत होतं. पेटीतली अठरा किलो पाचची नाणी निघाली. पण सुपडू काटकुळा असला तरी अठ्ठेचाळीस किलोंचा भरला. उरलेले तीस किलो कुठून आणायचे? बँकेत विचारलं, तर पुढच्या आठवड्यापर्यंत नाणी नाहीत.

"गावमा शेतस ना," रंजनामाय म्हणाली. "घरोघर दहाना शिक्का पडेल शेतस. नोटा ले आनि जाय मांगाले."

आणि मग आमच्या गावानं ते दृश्य पाहिलं. चाळीस एकर केळीचा मालक हेमराज गळ्यात झोळी अडकवून, हातात दहाच्या कोऱ्या नोटांची बंडलं घेऊन, दारोदार फिरत होता. "शिक्का द्या, नोट घ्या, माय!" पहिल्या गल्लीत त्याचं तोंड लाल झालं होतं. दुसऱ्या गल्लीत बायका त्याला चहा द्यायला लागल्या. तिसऱ्या गल्लीत तो स्वतःच हसायला लागला. कोणी तंबाखूच्या डबीतून, कोणी देव्हाऱ्यामागून, कोणी दाण्याच्या मडक्यातून नाणी काढली. एका म्हातारीनं तर नोट घेतलीच नाही. म्हणाली, सुपडूनी तुला शे, मन्हा पाच शिक्का फुकटना टाक. शोभानं धर्मेंद्रकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं नव्या पाटीवर खडूनं लिहून टाकलं: येथे दहाचे नाणे दहा रुपयांना घेतले जाईल.

रविवारी सकाळी लिंबाखाली माणूस मावेना. फुलवंताबाई वसतिगृहातल्या मुलींना जीपमध्ये कोंबून घेऊन आल्या होत्या. सुपडूला नवं धोतर नेसवून पारड्यात बसवलं. तो दोन्ही साखळ्या घट्ट धरून, डोळे मिटून बसला. हेमराजनं एकेक थैली ठेवली, प्रत्येक थैलीला मुली मोठ्यानं आकडा म्हणत होत्या. शेवटच्या थैलीला पारडं हललं, पण उचललं नाही. रंजनामाय पुढे आली, कमरेच्या पिशवीतून मूठभर नाणी काढून तिनं ती वरून ओतली.

सुपडूचे पाय जमिनीवरून सुटले.

टाळ्या थांबेनात. मुलींनी शिट्ट्या वाजवल्या. माझ्या शेजारी शोभा रडत होती आणि मला सांगत होती, की डोळ्यांत धूळ गेली. हेमराजनं सगळ्यांसमोर वाकून सुपडूच्या अधांतरी पायांना हात लावला, तेव्हा मात्र माझ्याही डोळ्यांत तीच धूळ गेली.

सुपडूनं एक डोळा उघडला, खाली बघितलं आणि घाबरत विचारलं, "माय, आते उतरू का?"

"बठ जरासा," रंजनामाय म्हणाली. "गावले देखू दे."